नव्वद गुणांची बाटली

आमच्या रामबागेतील घरात द्राक्षांच्या बाटलीला आजवर प्रवेश मिळाला तो केवळ द्राक्षासवाच्या रूपाने, आणि तोही वैद्यबुवांच्या आज्ञेवरून. त्यामुळे गेल्या दिवाळीत नाशिकच्या भाच्याने वाइनची बाटली मेजावर ठेवली, तेव्हा सौभाग्यवतींनी उठून देवघराचा पडदा ओढून घेतला.

"मामा, हिला नव्वद गुण आहेत," भाचा अभिमानाने म्हणाला.

"कितीपैकी?"

"शंभरपैकी."

"आणि नापास कितीला?"

यावर तो हसला. ही गुणपद्धती रूढ केली अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी. मूळचे ते वकील. १९७८ साली त्यांनी आपले वाइनविषयक पत्रक काढले. त्यांच्या पद्धतीत मोजणी शून्यापासून नव्हे, पन्नासपासून सुरू होते. उरलेल्या पन्नासांत रंगरूपाला ५, गंधाला १५, चव आणि मागे रेंगाळणाऱ्या स्वादाला २० आणि एकूण दर्जाला १०. नव्वदच्या पुढे 'उत्कृष्ट'चा प्रांत लागतो. म्हणून एकोणनव्वद आणि नव्वद यांत जिभेला जाणवेल असे अंतर नसले, तरी दुकानदाराच्या गल्ल्याला ते जाणवते.

आमच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणारा कधी गुण मागत नाही. समोर गर्दी दिसते, तो रांगेत उभा राहतो. परंतु नाशिकच्या वाइनचे वय ते काय! महाराष्ट्र शासनाचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ सालचे. ज्या घरात चवीची परंपरा नाही, तेथे आकड्याचा आधार लागतोच.

हा आधार कितपत पक्का, हे कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने तपासले. हे स्वतःही वाइन करतात. तेथील राज्य जत्रेच्या स्पर्धेत परीक्षकांपुढे एकाच बाटलीतील वाइन, त्यांना न सांगता, तीनदा ठेवण्यात आली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण परीक्षकाचे गुण चारांनी वर किंवा खाली सरकत होते. पहिल्या पेल्याला नव्वद, तर त्याच वाइनच्या दुसऱ्या पेल्याला शहाऐंशी! सातत्य राखणारे परीक्षक दहांत एखादाच.

भाचा हे गमतीने सांगत होता. आम्हांला मात्र हसू आले नाही.

शासकीय सेवेत आम्हीही परीक्षकच होतो. हाताखालच्या मंडळींच्या गोपनीय चरित्रावलीत 'क+', 'क', 'ख' अशी श्रेणी लिहीत असू. १९९७ च्या उन्हाळ्यात एका बैठकीत तीसेक अहवाल आम्ही उरकले. सकाळी पहिले काही वाचून, आठवून, विचारपूर्वक लिहिले. रात्री वीज गेली, डोके दुखू लागले आणि शेवटच्या सहायकापुढे 'ख' लिहून आम्ही फाइल मिटली. माणूस कामसू होता. सकाळी त्याचा अहवाल वर असता, तर तो 'क' ठरला असता, हे आम्ही आज शपथेवर सांगू. पुढे पदोन्नतीच्या यादीत बेरीज थोडक्यात हुकली आणि त्याचे नाव राहून गेले.

'ख' म्हणजे चांगलाच, प्रतिकूल नव्हे. म्हणून तो शेरा त्याला कळवण्याचा प्रश्नच त्या काळी नव्हता. २००८ साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असा निर्णय दिला. देवदत्त यांचीही पदोन्नती 'चांगला' या एका शेऱ्यानेच अडली होती. आमच्या सहायकाला हा निर्णय उशिरा आला.

बाटलीचे बरे असते. तिला शहाऐंशी मिळाले, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या परीक्षकाकडे नेता येते.

हे सहायक आजही दसऱ्याला सोने द्यायला येतात आणि वाकून नमस्कार करतात. ती रात्र आम्ही त्यांना कधी सांगितली नाही. येत्या दसऱ्याला सांगावी, असे मनात आहे. त्यानंतर ते आम्हांला जी श्रेणी देतील, ती आम्हांला कळवली जावी, एवढीच अपेक्षा.