शेगडी, होडी आणि गव्हाचं पाणी



आजची नोंद गव्हाच्या पाण्यापासून सुरू होते, पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणानं. थोडी लांब आहे. घरात बाळंतीण असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचाच.

शुक्रवार, २० डिसेंबर २०२४. गहू यंदा उशिरा पेरला, बरोबर २१ दिवसांचा झालेला. मुकुटमुळं फुटायची हीच वेळ. हे पाणी चुकलं की फुटवे कमी राहतात, पुढं कितीही खत टाका, भरून निघत नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, दहाला यायची. म्हणून आम्ही चौघं नवाच्या सुमारास बांधावर पऱ्हाट्या पेटवून बसलो. आमचं रान नाथसागराच्या फुगवट्याला लागून. धरण यंदा भरलेलं, त्यामुळं पाणी जवळ आणि पाण्यावरून येणारा वारा त्याहून जवळ. पुढून भाजत होतं, पाठीला काकडत होतं.

चौघं म्हणजे मी, आबा, दाजी आणि कोंबडीडॉक्टर. तो काही डॉक्टर नाही. पोल्ट्री करतो, पिल्लांच्या औषधांची नावं त्याला पाठ आहेत, म्हणून गावानं ठेवलेलं नाव.

बोलणं सुरू झालं मुंबईच्या बोटीवरून. दोनच दिवस आधी, १८ तारखेला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती. शंभरावर माणसं बोटीत होती. दाजी मोबाईलवर तोच व्हिडिओ परत परत बघत होते. (मरणाऱ्यांचा आकडा नंतर १५ वर गेला.)

दाजी म्हणाले, "आबा, तुम्ही रोज होडी घेऊन जाताय. जॅकेट हाये का तुमच्याकडं?"

"हाये की. मच्छीमाराकडनं घेतलंय, चांगलं केशरी."

"घालता का?"

"बुडाखाली घेतो. फळी लई गार लागती राव."

आम्ही हसलो. मीही हसलो, हे मुद्दाम लिहितोय.

आबांचं म्हणणं सरळ होतं. पन्नास वर्षं पाण्यात गेली, पट्टीचे पोहणारे, जॅकेट कशाला? त्यावर मीच मोठा शहाणा होऊन बोलायला लागलो. म्हणलं, आबा, मे महिन्यातलं उजनीचं विसरलात का? २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा गेले. आणि दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. तीन जवान गेले. ती शिकवलेली, रोजचा सराव असलेली माणसं होती. पाण्याला कुणाचा सराव दिसत नाही.

आबा म्हणाले, "मग उलटल्यावर घालीन की जॅकेट."

"उलटल्यावर अंगात स्वेटर, पायात बूट, पाणी बर्फासारखं. गार पाण्यात पडलं की पहिल्यांदा दमच लागतो, नाकातोंडात पाणी जातं. त्या वेळी पट्टे कोण बांधणार? जॅकेट काठावरच अंगात पाहिजे आणि पट्टे आवळलेले पाहिजेत, नाहीतर माणूस खाली आणि जॅकेट वर."

आबा पहिल्यासारखी होडी चालवत नाहीत, हेही मी ऐकवलं. पूर्वी लाकडी होडी, दोन वल्ही, काठाकाठानं जायचे. वारा सुटला की हात दुखायला लागायचे आणि माणूस आपोआप मागं फिरायचा. आता फायबरची होडी आणि मागं इंजिन. हात दुखत नाहीत, म्हणून माणूस मधोमध जातो, खताच्या गोण्या घालून जातो, लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला तरी जातो. होडी बदलली, पाणी वाढलं, आबांचा हिशोब मात्र वल्ह्याच्या होडीचाच राहिला.

दाजींनी मग माझीच उलटतपासणी घेतली. "आन् तुम्ही अण्णा? तराफ्यावरची मोटार सरकवायला कंबरभर पाण्यात उतरता, तवा फ्यूज काढून खिशात ठेवता का?"

मी म्हणलं, स्टार्टर बंद करतो. दाजी म्हणाले, स्टार्टर बंद म्हणजे लाईट बंद नव्हं. बरोबर होतं त्यांचं. गप्पा अशाच चालल्या होत्या, एकमेकांची चूक काढायची आणि हसायचं.

दहाला लाईट आली. मोटार चालू केली, पहिल्या साऱ्यात पाणी सोडलं आणि परत शेकोटीला आलो. पऱ्हाट्या जळून लालबुंद निखारे झाले होते. दाजी म्हणाले, "हे घमेल्यात भरून घरी न्यावं. धूर नाही, झळ नाही, रात्रभर ऊब."

मी म्हणलं, "आमच्याकडं रोज तेच चाललंय. पोरगी बाळंतपणाला आलीय ना. आई रोज बाजंखाली शेगडी ठेवती, ओवा-शेपाची धुरी देती. खोली अशी गरम, की बाहेर यावंसं वाटत नाही. फक्त पोरीचं डोकं दुखतंय दोन दिवस. थंडी बाधली असंल."

कोंबडीडॉक्टर इतका वेळ गप्पच होता. त्यानं विचारलं, "डोकं कवा दुखतं?"

"सकाळी उठल्यावर. मळमळतंय म्हणती."

"आन् दिवसा?"

"दिवसा अंगणात उन्हाला बसली की उतरतं."

"खोलीत आजून कोण झोपतं?"

"आई."

"आक्काचं डोकं दुखतं का?"

मला आठवलं. आई सकाळी कपाळाला सुंठ उगाळून लावत होती. मी तेही थंडीच्याच खात्यावर टाकलं होतं.

"बाळ?"

"बाळ लई शांत हाये. रात्री उठतसुद्धा नाही प्यायला."

तो उभाच राहिला. "अण्णा, गाडी काढ. आत्ता."

वाटेत त्यानं सांगितलं ते तसंच लिहितो. दोन वर्षांमागं त्याची पिल्लांची पहिलीच बॅच. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२-३४ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करायची. थंडी फार होती, म्हणून शेडमध्ये कोळशाच्या शेगड्या ठेवल्या आणि ऊब जाऊ नये म्हणून चारी बाजूंचे पडदे खालपर्यंत बांधले. सकाळी बघतो तर पिल्लं शांत झोपल्यासारखी पडलेली. गारठलेली पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, ही तशी नव्हती, जागच्या जागी पसरलेली होती. पशुवैद्यकानं पिल्लू उघडून दाखवलं, फुप्फुसं गुलाबी-लाल चकचकीत. म्हणाले, कोळशाच्या गॅसनं गेली. कार्बन मोनॉक्साईड. वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी नाही. रक्तातल्या ज्या हिमोग्लोबिनवर प्राणवायू बसतो, त्याच जागेवर हा दोनशे पटीहून जास्त ओढीनं जाऊन बसतो आणि लवकर उठत नाही. धूर निघणाऱ्या चुलीपासून माणूस आपणहून लांब सरकतो. निखाऱ्याला धूर नाही म्हणून आपण त्याला निर्धोक समजतो, आणि हा गॅस धुमसत्या निखाऱ्यातच जास्त निघतो.

घरी आलो. खोलीचं दार आतून लावलेलं. दोनदा हाक मारली तेव्हा आईनं उघडलं, ती भिंतीला धरून उभी होती. खिडकीच्या फटीत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या, दाराखाली गोणपाट. कोंबडीडॉक्टरनं आधी दार-खिडकी सताड उघडली, मग शेगडी उचलून अंगणात ठेवली. मी पोरीला आणि बाळाला बाहेर घेतलं. पोरगी अडखळत बोलत होती. बाळ हलवलं तरी नीट रडेना. माझे हातपाय गळाले.

बायकोनं कोरोनातलं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आणलं. पोरीच्या बोटाला लावलं, आकडा आला ९८. आई म्हणाली, "बघ, चांगलाय की. उगं एवढ्या थंडीत लेकराला भाईर काढलंत."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. कोंबडीडॉक्टर म्हणाला, "मशीन काय सांगतंय ते ऱ्हाऊ द्या, गाडीत बसा." दवाखान्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं. ते मशीन रक्ताचा फक्त लाल रंग बघतं. प्राणवायू बसलेलं रक्त आणि हा गॅस बसलेलं रक्त, दोन्ही त्याला सारखंच लाल दिसतं. आतून माणूस गुदमरत असतो आणि आकडा ९८ दाखवतो. तिघांनाही प्राणवायू लावला. साध्या हवेत हा गॅस रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कनं प्राणवायू दिला की तास-दीड तासावर येतं. तान्ह्या बाळाचा श्वास आपल्यापेक्षा भराभर चालतो, म्हणून त्याला हा गॅस लवकर चढतो.

पहाटे चारच्या सुमारास बाळ रडलं. चांगलं दणकून रडलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, तिथपर्यंत आवाज आला. दोन दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. तिघंही आता ठीक आहेत.

आई मात्र चार दिवस कुणाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "मी तुम्हा चौघा भावंडांना शेगडीवरच वाढवलं. माझ्या आईनं मला. तवा कसं काय झालं नाही रं?"

मी पण तोच विचार करत होतो. तिला म्हणलं, "आई, तू शिकलीस ते चुकीचं नव्हतं. तवा आपलं घर माळवदाचं होतं. वर साणं होतं, दाराला दोन बोटं फट, भिंतीत खिडकी म्हणजे नुसतं भोक. गॅस राहतच नव्हता घरात. आता आपण स्लॅब टाकला, सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या, वर फटी बुजवल्या. घर बदललं, शेगडी तीच राहिली."

बोलता बोलता मला आबांची होडी आठवली. बांधावर बसून मी आबांना जे तासभर ऐकवत होतो, ते माझ्याच घरात, माझ्याच नातवाच्या बाजंखाली चाललेलं होतं. आबांनी जॅकेट बुडाखाली घेतलं होतं, आम्ही खिडकीत चिंधी कोंबली होती. दुसऱ्याची चूक शेकोटीच्या उजेडात लगेच दिसते.

आता कामाचं सांगतो.

निखारे, कोळशाची शेगडी, घमेलं, काहीही बंद खोलीत ठेवून झोपू नका. शेक-धुरी द्यायचीच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झाली की शेगडी अंगणात. खोलीत पाण्याची बादली ठेवली की गॅस जातो, हे खोटं आहे. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हाच प्रकार करतो, त्यालाही हवा जायला-यायला वाट पाहिजे.

बाळाला ऊब द्यायला दवाखान्यातल्या सिस्टरनं सोपं सांगितलं. आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून घ्यायचं, डोक्याला टोपडं, पायात मोजे, वरून गोधडी. तोंड-नाक मोकळं. तेवढी ऊब पुरते.

घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं सकाळी डोकं दुखत असेल, मळमळत असेल, आणि बाहेर मोकळ्या हवेत बरं वाटत असेल, तर ती थंडी नाही. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग दवाखाना. बोटाच्या मशीनवर विसंबू नका.

पोल्ट्रीवाल्यांनी पडदे वरून हातभर मोकळे ठेवावेत. थोडा कोळसा जास्त जळेल, जळू द्या.

होडीवाल्यांनी जॅकेट काठावरच घालावं. पांढरा फेस दिसला की जाऊ नये. उलटलीच तर काठ जवळ वाटला तरी होडी सोडू नये, पालथी होडी सहसा तरंगत राहते, तिला धरून राहावं. आणि तराफ्याच्या मोटारीला हात लावण्याआधी फ्यूज काढून खिशात. ही ओळ मी माझ्यासाठी लिहिली आहे.

गव्हाचं राहिलं. त्या रात्री मी दारं सोडून पळालो, ते परत सकाळी नवाला रानात आलो. वाटलं होतं, पहिला सारा फुटून पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं असेल. तर दाजी आणि आबा बांधावर झोपलेले. दोघांनी लाईट जाईपर्यंत सगळं दारं धरलं होतं, एक सारा कोरडा नव्हता.

आबांच्या अंगात केशरी जॅकेट होतं. थंडी वाजत होती म्हणून घातलं, म्हणाले. पट्टे मात्र आवळलेले होते. मी काही बोललो नाही.

तुमच्या गल्लीत कुठं बाळंतीण असेल, तर आज संध्याकाळी त्या खोलीपर्यंत एक चक्कर मारा. खिडकी उघडी आहे का, एवढंच बघून या.