डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो, तिथं

राजारामपुरीत गाडीचा नाद नसलेलं पोरगं सापडणं अवघड. संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की रॅलीचे व्हिडिओ सुरू. धुरळा, उड्या, ड्रिफ्ट. बघा की, कोण नको म्हणतंय? पण रॅलीतलं खरं अवघड त्यात दिसतच नाही. नुसता खराब रस्ता परवडला, कारण त्याचा अंदाज येतो. घात करतो तो मधेच बदलणारा रस्ता.

१९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन घ्या. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. युरोपातले गुळगुळीत रस्ते, तुर्कस्तानातले डोंगर, अफगाणिस्तानातल्या कच्च्या खिंडी, मग खैबर, दिल्ली, आग्रा, इंदूर आणि थेट आपली मुंबई! तिथं ७२ गाड्या पोचल्या. ‘चुसान’ बोटीनं त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि पुन्हा धूळमाती. सिडनी गाठली फक्त ५६ जणांनी.

डांबरावर चालणारा टायर मातीत घसरतो, मातीचा टायर डांबरावर तापून झिजतो. खडीवर ब्रेक दाबला की चाकाखाली गोट्या ठेवल्यागत होतं. आणि गाडी तर एकच. म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी वही घेऊन दुसरा माणूस बसतो आणि पुढचं वळण, पुढचा रस्ता आधीच सांगतो. माँटे कार्लो रॅलीत तर बर्फ कुठं आहे ते बघायला आधी वेगळी गाडी जाते. (आणि पोरांनो, दोन स्टेजच्या मधल्या रस्त्यावर त्यांनाही सिग्नल पाळावा लागतो. ठरल्या वेळेआधी पोचलं तरी दंड बसतो.)

एवढं सगळं करूनही १९६८ ला काय झालं? सिडनी जवळ आली होती, बिआंकी आणि ओजिए यांची सिट्रोएन पहिली होती. रस्ता इतर वाहनांना बंद आहे असं धरून चालले होते, आणि समोरून मिनी आली. समोरासमोर धडक. मागून येणारा पॅडी हॉपकर्क स्पर्धा सोडून मदतीला थांबला. शेवटी अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर जिंकली, हॉपकर्क दुसरा आला.

आता आमची गल्ली बघा. पन्नास पावलांत चार रस्ते. डांबर, मग पाइपसाठी खोदून बुजवलेला मुरमाचा पट्टा, मग पेव्हिंग ब्लॉक, आणि गटाराचं झाकण दोन बोटं वर आलेलं. पहिला पाऊस पडला की मुरूम डांबरावर पसरतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू मोपेडवरून तिथंच घसरल्या, मनगट मोडलं. स्पीड वीस पण नव्हता ओ. फलक नाही, बॅरिकेड नाही, रात्री लाल दिवा नाही. काकूंच्या शेजारी वही घेऊन कोण बसणार?

खोदू नका असं कुणीच म्हणत नाही, पाणी सगळ्यांनाच पाहिजे. पण चर थराथरानं, पाणी मारून, दाबून भरा. वर डांबर पडेपर्यंत अलीकडं-पलीकडं फलक लावा. सांडलेली खडी त्याच दिवशी झाडून काढा. याला काय मोठा निधी लागतोय?

तुमच्या गल्लीत असा पट्टा असेल तर गल्ली नंबर, जवळचं दुकान आणि एक फोटो खाली टाका. यादी करून वॉर्ड ऑफिसला देऊ आणि पोच घेऊ. जून लागायच्या आत.