घरचे विमान

लोणचे घरचे, पापड घरचे, फराळ घरचा. आपल्या संसारात ‘घरचे’ या शब्दाला मोठा मान आहे. मुलांनी घरी केलेल्या आकाशकंदिलाच्या कामट्या थोड्या वाकड्या असल्या तरी आपण कौतुकच करतो. चार दिवस तो लोंबतो आणि निभावून नेतो. पण विमान घरचे असेल तर?

माझे जावई अमेरिकेत, ओहायो राज्यातील डेटन शहरी राहतात. विमान चालवण्याचा परवाना त्यांच्यापाशी आहेच. आता गॅरेजमध्ये दोघांना बसता येईल असे विमान ते स्वतः बांधू लागले आहेत, हे लेकीने फोनवर सांगितले तेव्हा मी एवढेच विचारले, “आणि त्यात दुसरं माणूस कोण बसणार?”

“मी,” ती म्हणाली.

पुढे तीन महिने मी त्यांच्याकडे राहिले, आणि त्यातल्या बऱ्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये गेल्या. मोटार बाहेर बर्फात उभी आणि आत कारखाना! मध्यभागी एकाच उंचीची दोन लाकडी टेबले. ती अगदी सपाट हवीत, कारण टेबलाला पीळ असला तर तो पंखातही उतरायचा. कोपऱ्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की बोलणे बंद. रात्री नऊनंतर तो लावायचा नाही, असा शेजाऱ्यांशी अलिखित करार. डोक्यावर इतके दिवे की सावली पडू नये. सामान मोठमोठ्या खोक्यांतून येते. आधी शेपटीचे, मग पंखांचे, मग धडाचे. शेपूट लहान असते. हात बसेपर्यंत काही बिघडले तर त्यातल्या त्यात स्वस्तात बिघडावे, हा त्यातला हिशेब.

असले वेड तिकडे नवे नाही. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी मंडळींची संघटना काढली. सुरुवातीला तिचा कारभार त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. आणि डेटन तर राइट बंधूंचेच गाव. १९०३ साली त्यांच्या सायकलींच्या दुकानात विमानाच्या पंखांचा मधला भाग एवढा मोठा झाला की पुढच्या-मागच्या खोल्यांमधली वाटच अडली. गिऱ्हाईक आले की बाजूच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून पुढे यावे लागे! आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते मांडले. तेव्हा जागेची अडचण कोणाला चुकलेली नाही. माझ्या मनातली अडचण जागेची नव्हती. ती माझ्या लेकीची होती.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा इंचाच्या ४०व्या भागाएवढा पातळ. त्याला भोके पाडायची, प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत करायची. बारीकशी धार राहिली तरी थरथरून थरथरून तिथूनच चीर जायला लागते. मग क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रे एकत्र धरायचे आणि रिव्हेट ठोकायचे. हे काम बहुधा दोघांचे. एकाने हवेच्या बंदुकीने बाहेरून ठोकायचे, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. हातात धरायची ऐरणच म्हणा ना! दाबलेल्या रिव्हेटचे डोके त्याच्या मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच व्हायला हवे. ते एका छोट्या मापाने तपासायचे. असे रिव्हेट हजारो.

ती ऐरण माझी लेक धरी. कानांवर आवाज रोखणारी टोपणे, केस बांधलेले, हात पंखाच्या पोटात कोपरापर्यंत. पाच-दहा रिव्हेट झाले की मापाने तपासून ती सांगे, “हा नाही जमला.” जावईबापू मुकाट्याने तो पोखरून काढीत. वाद नाही, समजूत नाही. संसारात इतक्या सहजपणे ‘हे नाही जमलं’ म्हणणारी आणि ऐकून घेणारी जोडपी मी फार पाहिलेली नाहीत.

एका रात्री शेपटीच्या एका फासळीला भोक कडेच्या फार जवळ पडले. भोकाचा मध्य कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. तिथे किंचित कमी भरले. नवी फासळी मागवायची तर पैसे आणि दोन आठवडे जाणार. मी मुद्दामच विचारले, “वरून पत्रा येणार ना? मग कोणाला दिसणार आहे?”

“आई, वरून पत्रा येणार म्हणूनच,” जावईबापू म्हणाले. “तो बसला की मलासुद्धा दिसणार नाही.”

त्यांनी फासळीचा फोटो काढला, वहीत नोंद केली आणि ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. त्या खिळ्याला आधीच चार-पाच तुकडे लटकत होते.

तिथला कायदाही गमतीचा आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे लागते. सरकारी तपासणी होते, आणि त्यानंतरही चाचणीच्या उड्डाणांत हौसेखातर कोणाला शेजारी बसवता येत नाही. आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम या विमानाला लागू पडत नाहीत. ती पाटी वाचून मला पूर्वी झोप आली नसती. आता वाटते, ते नियम त्या दोघांनी आपणहून स्वतःला लावून घेतले आहेत. भीती गेली असे नाही. आईची भीती कधी जाते का? पण तिला बसायला एक जागा मिळाली.

तुमच्या घरी कोणाला असे खूळ लागले तर यंत्रे कोणती आणली, किती पैसे घातले, हे मागाहून विचारा. आधी त्याने नापास करून खिळ्याला टांगलेले तुकडे पाहायला मागा. खिळा रिकामाच असेल तर मात्र आपले माणूस त्या विमानात बसवू नका.