वाया गेलेली पोरं

प्रत्येक होस्टेलला एक 'वाया गेलेली' विंग असते. आमच्याकडे ती तळमजल्यावर आहे. निम्मे वायडी, उरलेल्यांच्या केट्या कुणी मोजायच्या? रात्री दोनला कॅरम, टपरीवर उधारी आणि रेक्टर सरांच्या वहीत कायमची नावं. मीही तिथलाच, म्हणून पोरं अशी का होतात ते लायब्ररीत शोधलं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आल्बर्ट कोहेन यांचं 'डेलिंक्वंट बॉईज' हे १९५५ चं पुस्तक. ते म्हणतात, शाळा सगळ्यांना मध्यमवर्गाच्या एकाच फूटपट्टीनं मोजते. कामगार वस्तीतली पोरं त्यात कमी भरतात. मग ती स्वतःची उलटी पट्टी काढतात. शाळेत जे वाईट, ते टोळीत भारी! आमच्याकडेही सबमिशन वेळेवर देणाऱ्याचीच चेष्टा होते.

पण मला जास्त पटले ते दुसरे कोहेन, स्टॅन्ली. इंग्लंडमध्ये क्लॅक्टन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. १९६४ च्या ईस्टरला तिथं स्कूटरवाले टापटीप 'मॉड्स' आणि लेदर जॅकेट घालून मोटारसायकली उडवणारे 'रॉकर्स' जमले. थंडी, पाऊस, करायला काही नाही. थोडी मारामारी झाली, काचा फुटल्या. पेपरांनी मात्र गावावर धाडच पडल्यासारखं छापलं. पुढच्या सुट्ट्यांना इतर गावांत पोलीस वाढले, बघे वाढले आणि पेपरात वाचलं तसंच वागायला पोरंही आली. स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ च्या पुस्तकात हेच मांडलं: बोभाटा नुसती बातमी देत नाही, तो पुढचा दंगा घडवतो.

आता आमच्याकडचं. मागच्या सेमला वॉटर कूलरचा नळ तुटला. बोलावणं आलं ते आमच्या विंगला. त्यात एकजण असा, की तो त्या दिवशी गावी होता! एसटीचं तिकीट दाखवलं तरी ऐकून घेतलं नाही. "नाव आपलंच येणार, मग कशाला चांगलं वागायचं?" असं म्हणून त्यानं प्रॅक्टिकलला जाणं सोडलं. आता त्याची टर्म जायची वेळ आलीय.

आम्ही काही संत नाही. ज्यानं नळ तोडला त्याच्याकडून पैसे जरूर घ्या. कारण कळलं म्हणून गुन्हा माफ होत नाही. पण सर, बोलावताना माणसाला बोलवा, विंगला नको. आणि मित्रांनो, त्या पोराला उद्या कुणीतरी हाताला धरून लॅबमध्ये न्या. अटेंडन्सची लिस्ट लागायला अजून आठ दिवस आहेत.