नियर मिसची वही

शेंद्र्यात दोन तऱ्हेची माणसं राहतात, गाववाले आणि रूमवाले. आम्ही रूमवाले. नवरा जिंतूरकडचा, मी सेनगावची. जालना रोडवरच्या या एमआयडीसीत त्याला कॉन्ट्रॅक्टवर काम लागलं आणि पत्र्याच्या एका खोलीत संसार मांडला. 2001 मध्ये इथं स्कोडाचा कारखाना सुरू झाला, पुढं ऑरिक ही औद्योगिक नगरी आली, आणि जिथं कापूस होता तिथं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या. शेजारी कधी बिहारचं कुटुंब, कधी बुलढाण्याचं. नाव पाठ होईस्तोवर खोली रिकामी होते. या सगळ्यांची लेकरं एकत्र येतात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत.

मुलगी दुसरीत असताना मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत पाऊण हिस्सा पालक लागतात आणि निम्म्या बायका. बाईची जागा भरायची होती, माझं नाव पुढं आलं. तोवर समिती म्हणजे गाववाल्यांची. आमच्यातलं कुणी बैठकीला गेलंच, तर दाराशी उभं राहायचं.

मग ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर झालं. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार, आणि 20 तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर. दुसऱ्या दिवशी सरकारचा आदेश निघाला: कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. आमची बैठक कॅमेऱ्याच्या पुढं सरकेना. पैसे कुठून आणायचे, लाइट गेली तर काय, रेकॉर्डिंग कोण बघणार. तासभर हेच. शेवटी कंपनीच्या गेटवर ड्युटी करणारा एक बाप उठला. म्हणाला, "सर, कॅमेरा झालेलं दाखवतो. आमच्याकडं कॅमेरे हायेत, तरी गेटपासशिवाय खिळा बाहेर जात नाही. लेकरू कुणासंग गेलं, एवढं तरी लिहून ठेवा."

खिळ्याची नोंद होते आणि लेकराची नाही, हे सगळ्यांनाच लागलं. पहिली-दुसरीच्या मुलांना कोण न्यायला येणार, त्यांची नावं आणि फोन नंबर वर्गावर्गात लिहिले गेले. नवीन माणूस आला तर आधी घरी फोन. सुरुवातीला गावातले आजोबा चिडले. "नातू माझा, आन मला इचारता?" मॅडम हसून विचारायच्या, आणि तरीही फोन लावायच्या.

दुसरी गोष्ट माझ्या नवऱ्याकडून आली. त्यांच्या शॉपमध्ये नियर मिस लिहायचं रजिस्टर असतं. पाना हातातून निसटला पण कुणाच्या डोक्यात पडला नाही, तर ते लिहायचं. सेफ्टीवाले साहेब शिकवतात की 1931 मध्ये हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसानं हिशेब मांडला होता: एका मोठ्या अपघातामागं 29 किरकोळ अपघात, आणि 300 असे, की ज्यात कुणाला काही झालंच नाही. हे आकडे आता जाणकार तितकेसे मानत नाहीत म्हणे. पण आमच्या खोल्यांमध्ये बहुतेक बापांना हा हिशेब तोंडपाठ आहे. डोक्यावर हेल्मेट घालून ते हे रोज ऐकतात आणि संध्याकाळी उघड्या वायरीखाली पोरं खेळताना बघतात. मी बैठकीत म्हटलं, शाळेत अशी वही ठेवू.

दोनशे पानी वही आणली आणि ओट्यावर दोरीनं बांधली. कुणीही लिहावं, मराठीत नाहीतर हिंदीत, नाव घालायची सक्ती नाही. पहिल्यांदा खिचडीच्या मावशींनी मॅडमकडून लिहून घेतलं: वाटपाच्या वेळी पोरं गरम पातेल्याला घासून पळतात. मग येत गेलं. संडासाच्या टाकीची फरशी हलते. पाण्याचा टँकर मागं घेताना ड्रायव्हरला पोरगं दिसलं नाही. घसरगुंडीचा पत्रा फाटलाय. चौथीतल्या एका मुलानं लिहिलं, "कुत्र्याला पिल्लं झाली आहेत, ती चावते, तिला मारू नका." कुत्रीला कोपऱ्यात आडोसा करून दिला आणि तिकडची बाजू पिल्लं मोठी होईपर्यंत बंद केली. या वहीपायी रूमवाल्या बाया शाळेत येऊ लागल्या. गाववाल्यांनी फरशी बसवून दिली, आमच्यातल्या फिटरनं घसरगुंडी वेल्ड केली.

सगळं असं सोपं नव्हतं. आदेशाप्रमाणे लावलेल्या तक्रारपेटीत एक दिवस एक चिठ्ठी निघाली, हिंदीत, वाकड्या अक्षरांत. रिक्षावाले अंकल मांडीवर बसवतात, असं लिहिलं होतं. एक जण लगेच म्हणाला, रिक्षा खचाखच भरलेली असते, जागा नसेल म्हणून बसवत असेल. दुसरा म्हणाला, बोभाटा झाला तर पोरीचंच नाव खराब होईल. मला त्या दोघांचा राग आला आणि आजही आहे. मुख्याध्यापिका बाईंनी मात्र वाद घातला नाही. पॉक्सो कायद्याचं कलम 19 त्यांनी वाचून दाखवलं: असा संशय आला की पोलिसांना कळवणं बंधनकारक. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. दडवलं तर शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती जास्त, वर्षभराच्या कैदेपर्यंत. त्याच दुपारी त्यांनी कळवलं. पुढं काय झालं ते मी लिहिणार नाही. मुलीची ओळख उघड होऊ नये असं तोच कायदा सांगतो, आणि आमच्या वस्तीत ओळख पटायला एवढा-तेवढा तपशील पुरतो. त्या घराशी कुणी बोलणं सोडलं नाही, इतकं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

चैत्रात मांगीरबाबांची जत्रा भरते. मराठवाडाभरातून आणि पलीकडूनही लोक येतात, गावाची वाटच दिसत नाही, आणि शाळा परीक्षांच्या घाईत असते. तेव्हा आम्ही मुलांच्या मनगटावर पेनानं आईचा फोन नंबर लिहितो. नंबर बदललेल्या घरांची तारांबळ उडते. रिचार्ज संपला की सिम फेकायची सवय इथं फार.

सकाळचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश 2024 मध्ये आला, लेकरांची झोप व्हावी म्हणून. आमची शाळा तशीही उशिराच भरते. पण आई-बाप दोघं फर्स्ट शिफ्टला असले की घराला साडेसहाला कुलूप लागतं, आणि दप्तर घेतलेली पोरं गेटबाहेर बसून राहतात. समोरून कंपन्यांच्या बस आणि ट्रेलर. वहीत सगळ्यात जास्त नोंदी याच वेळेच्या आहेत. गेट उघडलं तर जबाबदारी कुणाची, यावर तीन बैठका गेल्या. शेवटी दोन बाया पाळीपाळीनं आत बसू लागल्या, चटई टाकून, पोरांकडून पाढे म्हणून घेत. पगार नाही. त्यातल्या एकीला गेल्या महिन्यात पॅकिंगमध्ये काम मिळालं, आणि ते तिनं सोडावं असं कुणी कोणत्या तोंडानं म्हणणार? तिच्या वाट्याचे सोमवार-मंगळवार रिकामे आहेत. सेकंड शिफ्टच्या दोन बापांना विचारलंय. एक हो म्हणालाय. त्याचीही पोलीस पडताळणी होईल, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "कंपनीत झालीय, पण करा अजून एकदा."