पौषांतील पाणी आणि गळ

शाळेच्या वार्षिक अंकांत शिक्षकांनीं स्थळवर्णन लिहावें, थोरांचें चरित्र लिहावें, नाहीं तर परीक्षेंत यश कसें मिळवावें तें सांगावें, असा एक अलिखित नियम दिसतो. आम्हीं निवडिलेला विषय ह्या तिहींत कोठेंच बसत नाहीं, त्याबद्दल संपादकांनीं रागावूं नये. विषय मासे धरण्याचा आहे, आणि तोही ऐन थंडींतील.

उत्तरेकडील थंड देशांत ‘चार’ नांवाचा एक मासा आहे. (संख्येशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.) ट्राउट आणि सामन ह्यांचा हा भाऊबंद. अंगावर फिकट ठिपके आणि पोटाकडील परांच्या कडेस पांढरी किनार, ही त्याची ओळख. अलास्काकडील त्याच्या एका जातीस ‘डॉली वार्डन’ म्हणतात. डिकन्सच्या १८४१ सालच्या ‘बार्नबी रज’ कादंबरींतील एका नटव्या मुलीचें हें नांव. माशाचे रंग पाहून कोणास तिच्या पोशाखाची आठवण झाली, आणि मासा बिचारा जन्माचा डॉली झाला! हिंवाळ्यांत नद्या गोठूं लागल्या म्हणजे हा मासा उथळ धार सोडून खोल, संथ डोहांत येतो. त्यांतही जेथें जमिनींतून जिवंत झरा येतो तेथें त्याची विशेष गर्दी असते, कारण तें पाणी गोठत नाहीं. त्याला भुलविण्यासाठीं पिसांची कृत्रिम माशी बांधितात. शरद ऋतूंत तो सामन माशांच्या मागें राहून त्यांचीं अंडीं खातो, म्हणून त्या वेळची ‘माशी’ म्हणजे नारिंगी रंगाचा एक मणी! पुढें अंडीं संपलीं कीं लहान माशासारखी दिसणारी लांबट पिसांची माशी लागते. नांव माशीचें, रूप अंड्याचें किंवा पिलाचें. सारांश, अगोदर पाणी शोधावयाचें, मग त्या पाण्यांत त्या दिवशीं मासा काय खातो तें पाहावयाचें, आणि तेंच गळास लावावयाचें.

ह्या विलायती माश्यांत आमच्या देशाचाही वांटा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. आमच्याकडील राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणाचे थेंब पडल्यासारखीं चकचकीत ठिपक्यांचीं पिसें असतात. इंग्लंडांतील माशी बांधणारे ह्या पिसांसाठीं वेडे होते, व त्यापायीं हा पक्षी फार मारला गेला. आतां त्यास कायद्याचें संरक्षण आहे.

आतां आमच्या वाशीम जिल्ह्याकडे येऊं. येथें बर्फ नाहीं, चार नाहीं. पौषांत पहांटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला कीं आम्ही कानटोप्या शोधितों, इतकीच आमची थंडी. परंतु नद्या आहेत, आणि त्या मोठ्या गमतीच्या आहेत. पैनगंगा बुलढाण्याकडील अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून रिसोड तालुक्यांतून येते, पुढें वर्धेस मिळून गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरांत जाते. काटेपूर्णा वाशीमच्याच डोंगरांत निघून उत्तरेस पूर्णेला मिळते, आणि तिचें पाणी तापीवाटे अरबी समुद्रास पोहोंचतें. आमच्या टेंकड्यांवर हातभर अंतरावर पडलेले पावसाचे दोन थेंब अशा रीतीनें हिंदुस्थानच्या दोन टोकांस जाऊं शकतात. भूगोलाच्या तासास हें सांगितलें कीं मुलांचे डोळे मोठे होतात. परीक्षेंत मात्र तीं विसरतात.

पावसाळ्यांत ह्या नद्या अंगावर येतात. मार्गशीर्ष संपेपर्यंत त्यांची धार बारीक होते, आणि पौषांत नदी म्हणजे एका दोऱ्यांत ओंवलेले डोह, एवढेंच उरतें. अलीकडे पैनगंगेवर ठिकठिकाणीं बॅरेजेस बांधले गेल्यानें कोठें पाणी तुंबतें, कोठें दोराच तुटतो. उरलेल्या पाण्यावर दोन्ही कांठांचे पंप हरभरा आणि गहूं भिजवितात.

पाणी ओळखावयास आम्हांस ज्यांनीं शिकविलें ते भोई समाजांतील एक वृद्ध गृहस्थ. आम्ही त्यांस बाबा म्हणतों, ते आम्हांस मास्तर म्हणतात. त्यांचा पहिला पाठ असा: “मास्तर, पयले पानी पाहा. मासा कुठी जाते? पानी राह्यलं तं मासा हायेच.” ते सूर्योदयापूर्वीं कांठावर नेऊन बसवीत, आणि डोहावर वाफ कोठें दाट उठते तें दाखवीत. तेथें झरा. आमच्या काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपणारें पाणी बाराही महिने जवळजवळ एकाच उष्णतेचें असतें. म्हणून पहांटेच्या गार हवेंत त्याची वाफ दिसते आणि गारठलेला मासा त्याच्या आश्रयास येतो. अलास्काच्या चारास जें कळतें, तेंच पैनगंगेच्या मरळीसही कळतें!

मरळीचें आणखी एक नवल आहे. तिला केवळ पाण्यांतील हवा पुरत नाहीं. दम घेण्यास ती वर येतेच. जाळ्यांत अडकून वर येतां आलें नाहीं तर ती चक्क पाण्यांत बुडून मरते. म्हणून कांठावर निश्चल बसून पाण्यावरील तो हलका बुडबुडा आणि वर्तुळ पाहावें. मरळ कोठें आहे तें तीच सांगते. थंडींत अंग मंद झालें कीं तिला दम कमी लागतो, म्हणून सकाळीं डोह निर्जीव भासतो. ऊन चढलें कीं वर्तुळें उमटूं लागतात. गळ टाकण्याची वेळ तीच. पौषांत पहांटे उठून गळ टाकणारा केवळ स्वतःस थंडी वाजवून घेतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमिषाविषयीं आमच्या दक्षिणेंत जुनी विद्या आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. त्यांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचीं वसतिस्थानें, कोणास कोणतें खाद्य घालावें, आणि मग गळानें कसें धरावें, हें एका राजानें लिहून ठेविलें. इंग्रजींतील गळाच्या विद्येवरील पहिलें छापील पुस्तक १४९६ चें. म्हणजे आमचा राजा साडेतीन शतकें पुढें. मासे धरणें हें अडाण्याचें काम, असें म्हणणाऱ्यांस आम्ही हें प्रकरण दाखवूं इच्छितों.

बाबांस मानसोल्लास ठाऊक नाहीं, परंतु त्यांची रीत तीच. शिंगाड्यास गांडूळ, तेंही तळाशीं आणि सांजावतां. रोहूस कणकेचा गोळा. मरळीस बेडकी, वनस्पतींच्या कडेकडेनें उड्या मारवीत नेलेली. आम्हीं एकदां कोंबड्याच्या मानेचीं पिसें रेशमानें बारीक गरीवर बांधून विलायती धर्तीची माशी केली. सायंकाळीं किड्यांसाठीं उसळणाऱ्या लहान चंदेरी मासळीनें ती आनंदानें घेतली. मरळीनें ढुंकूनही पाहिलें नाहीं. बाबा म्हणाले, “तिले मास्तर, जेवन पाह्यजे, दागिना नाई.”

परंतु यंदा गळाची गोष्ट बाजूस राहिली. तीन वर्षांपूर्वीं शेजारचा एक डोह फाल्गुनांत पंपांनीं तळापर्यंत उपसला गेला. मासे ढिगानें विकले गेले, आणि पुढच्या पावसाळ्यांत मरळीच्या पिलांचे लाल थवे त्या भागांत दिसले नाहींत. स्फोटकें व विष घालून मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच निषिद्ध झालें आहे. उपसण्याचें तसें नाहीं. शेतकऱ्यास पाणी नको असें कोण म्हणेल? यंदा बाबांच्या डोहांत जो पंप होता तो त्यांच्या सख्ख्या नातवाचा, आणि नातू आमचा जुना विद्यार्थी. “बाबा, हरभरा वाळून रायला. मासा का वर्षभर खाऊ घालते?” हा त्याचा प्रश्न. बाबांनीं उत्तर दिलें नाहीं. ते आमच्याकडे पाहूं लागले.

आम्ही ख्रिस्ताचे अनुयायी. आमच्या पहिल्या प्रेषितांतील कित्येक गालील समुद्रावरचे कोळी होते. त्यांच्या जाळ्याच्या गोष्टी सांगून नातवास गप्प करणें सोपें होतें. पण त्याच्या दोन एकरांतील फुलावर आलेला हरभरा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला होता. (गालीलच्या माशाचा एक आफ्रिकी चुलतभाऊ, टिलापिया, १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला, आणि आतां तो देशी माशांचेंच अन्न व जागा बळकावतो. सगळेच नातलग सुखाचे नसतात.) महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड येथें देवीच्या नांवानें लोकांनीं महशीर राखिले आहेत, हें आम्हीं नातवास सांगितलें. श्रद्धा आमची नव्हे, पण त्या लोकांपुढें आम्हीं मनांत टोपी काढितों. नातू म्हणाला, तेथें शेतें नसतील.

शेवटीं तोड देवानें नव्हे, एका झडपेनें काढली. शेतकरी जिला ‘फुटबॉल’ म्हणतात ती पंपाच्या पाइपाची झडप तळापासून पुरुषभर उंच बांधावयाची. पाणी तेथवर उतरलें कीं पंप हवा ओढूं लागेल. त्यांत हरभऱ्याचीं दोन पाणीं बसतात, तिसरें बसत नाहीं. नातवानें दोन दिवस हिशेब केला आणि झडप वर बांधिली. तिसऱ्या पाण्याचें काय, ह्यावर अजून दोघांचें बोलणें नीट नाहीं.

डोहांत मरळी किती राहिल्या तें समजावें म्हणून बाबांनीं आमच्या नववीच्या मुलांस कांठावर बसविलें आहे. सकाळीं आठ ते नऊ: एकही वर्तुळ नाहीं. दुपारीं एक ते दोन: एकोणीस. त्यांतील एकच मासा दोनदां मोजला कीं काय, ह्यावर मुलांत वाद आहे, आणि पुढच्या शनिवारीं पुन्हां मोजणी ठरली आहे.