प्रभात टॉकीजला, जुन्याच पत्त्यावर

प्रिय प्रभात,

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आले की पाय अजून तुझ्या दारापर्यंत जातात. वास्तू तीच आहे, सिनेमेही लागतात. पाटी मात्र आता ‘किबे लक्ष्मी’ची.

लहानपणी मला वाटायचं, प्रभात म्हणजे प्रभातचंच घर. तू भाडेकरू होतास, हे फार उशिरा कळलं. इंदूरच्या सरदार किब्यांची ही वास्तू १९३४ साली प्रभात फिल्म कंपनीनं चालवायला घेतली. कंपनी आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला आलेली. सिनेमा आपण काढायचा आणि तो दाखवायला दुसऱ्याच्या दारात किती ताटकळायचं, हा रोकडा विचार त्यामागे असणार. वितरणाची बाजू बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सकडे होती. म्हणजे कारखाना, आडत आणि दुकान असं सगळं एका गोतावळ्यात.

पुढे कारखाना बंद पडला. स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली. दुकान मात्र कंपनीच्या संस्थापकांपैकी दामल्यांच्या घराण्यानं चालू ठेवलं. प्रभातच्या सिनेमांचे हक्कही अनंतराव दामल्यांनी मिळवले आणि ते सिनेमे जपले. मला याचं फार अप्रूप वाटतं. बंद पडलेल्या पेढीची पाटी रोज सकाळी पुसायची, आणि तीही भाड्याच्या भिंतीवरची!

या धंद्यातल्या एका गोष्टीचं मला नेहमी हसू येतं. सिनेमाच्या वितरकांनी संयुक्त महाराष्ट्र अजून मान्य केलेला नाही. पुणं ‘बॉम्बे’ टेरिटरीत, विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये आणि मराठवाडा चक्क ‘निजाम’मध्ये. १९६० साली राज्य झालं, पण त्यांच्या नकाशाला ते कुणी कळवलंच नाही. त्यामुळे एकाच भाषेचा सिनेमा राज्यभर लावायचा तर तीन मुलखांत वाटाघाटी. त्यात थिएटरचं आठवड्याचं भाडं आधी मोजायचं. गल्ला जमो न जमो. मोठा हिंदी सिनेमा आला की मराठीचा आठवडा आखडणार, हे ठरलेलं. अशा बाजारात ‘प्रभातला लागलाय’ एवढं सांगता येणं ही मराठी निर्मात्याची पत होती.

‘माहेरची साडी’ आला ते १९९१ साल. माझी आत्या भोरहून एसटीनं आली, दोन शेजारणींना घेऊन. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तीन जादा रुमाल. रुमाल कशाला, असं आईनं विचारलं तर म्हणाली, “रडायला जातोय ना.” मध्यंतरात दिवे लागले तेव्हा आमच्या रांगेतल्या सगळ्या बायका नाकं पुसत होत्या आणि एकमेकींना चटणी वाढत होत्या. अलका कुबलच्या सासूला आत्यानं जे शब्द वापरले, ते इथे लिहिता येणार नाहीत.

परवा एका मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमाला गेले होते. सकाळी पावणेदहाचा खेळ, त्यावर लोकांनी यायचं! आम्ही चौघं होतो. चौघांसाठी खेळ होणार नाही, पैसे परत मिळतील, असं काउंटरवरच्या मुलानं सांगितलं. त्याच्यावर काय रागवायचं? निर्णय कुठल्या तरी दूरच्या ऑफिसातल्या संगणकाचा. घरच्या धंद्यात सगळं गोड असतं, असं मी म्हणत नाही. घरच्यांनाही हिशेब चांगला कळतो, आणि नुकसान तर थेट त्यांच्याच खिशातून जातं. पण ‘नाही’ म्हणणारा माणूस तिथेच, जिन्याखालच्या खोलीत बसलेला असतो. त्याच्याशी भांडता येतं. पुण्यात ही सोय मोठी.

२०१४ च्या डिसेंबरात करार संपला आणि वास्तू किब्यांकडे परत गेली. ऐंशी वर्षांनी. ज्यांचं होतं त्यांच्याकडे गेलं, यात तक्रारीला जागा नाही. किब्यांनी तिथे सिनेमा चालू ठेवला, याचं तर कौतुकच करायला हवं; मोक्याच्या जागेवर आणखी काही उभं करणं अवघड नव्हतं. त्यांच्या पाटीवर माझा राग नाही. फक्त तुला पत्र घालायचं तर पाकिटावर काय लिहायचं, इथे अडते.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या आठवड्यात फोनवर तिनं विचारलं, “प्रभातला काय लागलंय गं?” मी सिनेमाचं नाव सांगितलं. पाटीचं सांगितलं नाही.

तुझी,
तिसऱ्या रांगेतली एक